भाडेकरूने घराचं नुकसान केलं, खर्च कसा वसूल करायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या दोन सदनिका बरीच वर्षं भाड्याने आहेत. एकीत विद्यार्थी असतात, दुसरीत कुटुंब. मी वकील नाही. पण सोसायटीत कुणाचं भाडेकरूशी बिनसलं की फोन मला येतो, आणि प्रश्न तेच तेच असतात. म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. सगळं महाराष्ट्रापुरतं आहे. रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचाराच.

भाडेकरूने केलेल्या नुकसानीचा खर्च कायद्याने मागता येतो का?

येतो. पण आधी आपला करार कोणता ते बघा. आपण सगळे ‘भाडेकरू’ म्हणतो, पण आजकालचे बहुतेक अकरा महिन्यांचे करार लीव्ह अँड लायसन्सचे असतात. म्हणजे समोरचा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो. त्याच्याकडून मागायचं ते करारातल्या कलमांच्या आणि १८७२ च्या करार कायद्याच्या आधारे. कलम ७३ सांगतं की करार मोडल्यामुळे जे प्रत्यक्ष नुकसान झालं, त्याची भरपाई मिळते.

खरी भाडेपट्ट्याची कुळवहिवाट असेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा लागतो. त्याच्या कलम १०८ मध्ये म्हटलंय की जागा जशी घेतली तशी परत करायची, फक्त वाजवी झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती सोडून. त्याच कलमात मालकाला वाजवी वेळी येऊन पाहणी करण्याची मुभा आहे. भाडेकरूच्या चुकीने झालेला बिघाड मालकाने नोटीस देऊन दाखवला, तर त्याने तो तीन महिन्यांत दुरुस्त करून द्यायचा असतो. लीव्ह अँड लायसन्सच्या करारात ही वाक्यं स्वतः घालून घ्यावी लागतात. कलम १०८ तिथे आपोआप लागू होत नाही.

झीज कुठे संपते आणि नुकसान कुठे सुरू होतं?

निम्मी भांडणं इथेच होतात. मी एक साधी कसोटी लावते: नीटनेटकी माणसं राहिली असती तरी एवढ्या वर्षांत हे झालंच असतं का? झालं असतं तर झीज.

पंख्याच्या वाऱ्याने कॅलेंडर हलून भिंतीवर उमटलेली अर्धवर्तुळं, ही झीज. सोफ्यामागचा काळपट पट्टा, नळाचा गेलेला वॉशर, उन्हाने विटलेला पडदा, सैल झालेली बिजागरी, हीसुद्धा झीजच. सनमायक्यावर इस्त्रीचा तिकोनी डाग हे नुकसान. ओट्यावर नारळ फोडताना ग्रॅनाइटची कड उडाली, कपाटाचं दार ओढून बिजागरीसकट उपटलं, बेसिनला तडा गेला, दारामागचा स्टॉपर मोडल्यावर तो न लावता दार तसंच आपटत राहिले आणि कडीने भिंतीत खड्डा पाडला, हे सगळं नुकसान.

मधल्या गोष्टी पुष्कळ आहेत. भिंतीत चार खिळे, झीज. चाळीस रॉलप्लग, नुकसान. दहा म्हणजे काय, याचं उत्तर कुठल्याच कायद्यात नाही. ते करारात लिहून ठेवलेलं बरं. देवघरामागच्या काजळीचे पैसे मी आजवर कुणाकडून घेतलेले नाहीत. कायदा आड येतो म्हणून नाही, निरांजनाचे पैसे मागायला मला जमत नाही.

दुरुस्तीचा कुठला खर्च मालकाचा आणि कुठला भाडेकरूचा?

करारात लिहिलं असेल तसं. लिहिलं नसेल तर मी केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्याचं परिशिष्ट पुढे करते. आपल्याकडे चालतो तो १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, त्यामुळे ते परिशिष्ट कुणाला बांधील नाही. पण वाटणी शहाणपणाची आहे आणि छापील कागद बघितला की माणसं निवळतात. त्यात भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, पाण्याचे पाइप बदलणं, वायरिंग आणि बांधकामाची दुरुस्ती मालकाकडे दिली आहे. भाडेकरूमुळे नुकसान झालं असेल तर गोष्ट वेगळी. नळाचे वॉशर आणि नळ, तुंबलेली मोरी, कमोड आणि बेसिनची दुरुस्ती, गिझर, बटणं आणि सॉकेट, कुलपं आणि मुठी, खिडकीच्या काचा, डासांच्या जाळ्या हे भाडेकरूकडे.

मोडलेल्या वस्तूची पूर्ण नवी किंमत घेता येईल का?

नाही. आणि नेमकं इथेच आपण मालक लोक हावरटपणा करतो.

भरपाई म्हणजे जे गेलं त्याची किंमत. आठ वर्षांचा गिझर फुटला म्हणून भाडेकरूच्या पैशाने नवा कोरा बसवायचा, असं नसतं. घसारा वजा करायचा. वस्तूंच्या आयुष्याचा कायद्याने ठरवलेला तक्ता नाही, त्यामुळे दोघांना पटेल असा आकडा धरायचा. मी आतल्या रंगाला पाच वर्षं धरते.

समजा, सगळ्या घराच्या रंगाला ४०,००० रुपये लागतात. भाडेकरू आला तेव्हा रंग नवा होता आणि तो तीन वर्षं राहिला. म्हणजे रंगाचं दोन वर्षांचं आयुष्य उरलं होतं, किंमत १६,०००. आता खराब झाली आहे ती एकच खोली, मुलांनी क्रेयॉनने रंगवलेली, आणि ती घराचा चौथा हिस्सा. तर मागायचे ४,०००. पूर्ण घर रंगवायचं तर बाकीचे ३६,००० आपले. ऐकताना कसंसंच होतं, मान्य आहे. पण हा हिशेब कागदावर मांडून दाखवला की समोरचा सहसा भांडत नाही. सरसकट ४०,००० मागितले तर भांडतो, आणि त्याचं बरोबर असतं.

दुरुस्ती होण्यासारखी वस्तू असेल तर दुरुस्तीचाच खर्च घ्यायचा. ट्रॉलीचं एक चॅनेल निखळलं तर सुतार बोलवायचा, अख्खं किचन नव्हे.

‘घर सोडताना रंगासाठी एक महिन्याचं भाडं कापलं जाईल’ असं करारात आहे. चालेल?

एजंटांच्या तयार मसुद्यात हे वाक्य हमखास असतं. बहुतेक भाडेकरू निमूटपणे मान्यही करतात. पण भाडेकरू अडून बसला तर करार कायद्याचं कलम ७४ येतं. करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते. त्या आत जी वाजवी भरपाई, तीच मिळते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण या खटल्यात स्पष्ट केलं की नुकसान सिद्ध करणं जिथे शक्य आहे तिथे ते सिद्ध करावं लागतं. भिंतीचा रंग ही तर मोजता येणारीच गोष्ट. तेव्हा वाक्य असलं तरी फोटो आणि बिलं ठेवा.

डिपॉझिटमधून परस्पर पैसे कापू शकतो का?

करारात तशी तरतूद असेल तर कापू शकता. परस्पर मात्र नको. पद्धत अशी ठेवा: दोघांनी मिळून घर बघायचं, काय काय मोडलंय ते लिहायचं, मिस्त्रीचा अंदाज घ्यायचा, तो भाडेकरूला पाठवायचा, त्याला दोन-चार दिवस द्यायचे आणि मग हिशेब. त्याला स्वतःचा माणूस आणून स्वस्तात दुरुस्त करून द्यायचं असेल तर करू द्या. आमच्याकडे एका कुटुंबाने बाथरूमची फुटलेली टाइल ओळखीच्या मिस्त्रीकडून बसवून दिली, रंगाने जुळणारी शोधून आणून. मला ती मिळाली नसती.

शेवटचं वीजबिल आणि गॅसबिल धरायला विसरू नका. उरलेली रक्कम बँकेतून पाठवा आणि ‘पूर्ण व अंतिम हिशेब मिळाला’ अशी सही घ्या.

पुरावा नेमका काय लागतो?

दोन दिवसांचा. आल्या दिवसाचा आणि गेल्या दिवसाचा.

जाताना फोटो सगळे काढतात, येतानाचे कुणाकडेच नसतात. हे मी माझ्या फजितीतून शिकले. तीन विद्यार्थी घर सोडत होते. ओट्याच्या कडेला अंगठ्याएवढा टवका उडालेला. मी म्हटलं, याचे पैसे द्यावे लागतील. त्यातला एक म्हणाला, “काकू, हे आधीपासूनच होतं.” मी ठाम, नव्हतं म्हणजे नव्हतं. त्याने शांतपणे फोन काढला. राहायला आला त्या दिवशी आईला पाठवलेला व्हिडिओ होता: “आई, हा बघ ओटा, आणि इथे फ्रिज ठेवणार,” आणि कॅमेरा फिरताना कडेचा तोच टवका लख्ख दिसला. आधीच्या कुटुंबाने केलेला उद्योग होता तो, आणि त्यांना मी पूर्ण डिपॉझिट हसत हसत परत केलं होतं. मुलांना चहा केला, दुसरं काय करणार.

तेव्हापासून किल्ली देण्याआधी मी भाडेकरूला बरोबर घेऊन एक सलग व्हिडिओ काढते. प्रत्येक नळ सोडायचा, फ्लश ओढायचा, गिझर लावून बघायचा, पंखे फिरवायचे, कपाटाची दारं उघडायची, ओट्याची कड जवळून घ्यायची, विजेच्या मीटरचा आकडा टिपायचा, किल्ल्या मोजायच्या. जे आधीच मोडकं आहे ते मुद्दाम दाखवायचं. तो व्हिडिओ त्याच दिवशी भाडेकरूला ई-मेल करायचा, म्हणजे तारखेचा वाद उरत नाही. शिवाय करारातल्या सामानाच्या यादीत ‘पंखे ४’ एवढंच न लिहिता कंपनी आणि अवस्था लिहा: ‘पंखे ४, पैकी हॉलमधला आवाज करतो’.

प्रकरण कोर्टात गेलं तर फोटो-व्हिडिओ ही इलेक्ट्रॉनिक नोंद ठरते. तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र द्यावं लागतं. जुन्या पुरावा कायद्यात ज्याला ६५-बी म्हणायचे तेच. म्हणून मूळ फाइल जपा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या दबलेल्या प्रतीवर विसंबू नका.

आणि दुरुस्तीची बिलं. ‘रंगकाम १२,०००’ अशी चिठ्ठी पुरेशी नाही. कुठली भिंत, किती चौरस फूट, लांबी भरली का, किती हात मारले, रंगाऱ्याचं नाव आणि सही. दुरुस्ती करण्याआधीचे फोटो हवेतच, एकदा रंग लागला की पुरावा त्याखाली गेला.

करार नोंदवलेला नाही, नुसता नोटरी केलाय. काय होईल?

अडचण होईल. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून जास्त झोंबणारा भाग पुढे आहे: अशा वेळी करार कोणत्या अटींवर झाला याबाबत भाडेकरू म्हणेल ते ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. भाडेकरू म्हणाला की ‘रंग मालकच देणार असं ठरलं होतं’, तर बसा सिद्ध करत.

वाचतात तरी किती? शहरात २५,००० भाडं, एक लाख डिपॉझिट आणि अकरा महिने धरले तर ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क सातशे-सव्वासातशे रुपये, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन, घरबसल्या, अंगठा लावून होतं. एवढ्यासाठी लाखाचं डिपॉझिट वाऱ्यावर सोडू नये.

मधूनच जाऊन घर बघितलं तर?

कळवून जा. करारात ‘एक दिवस आधी सांगून पाहणी’ असं कलम घाला. जवळच्या किल्लीने परस्पर कुलूप उघडून आत जाणं चुकीचं आहे, मग घर तुमच्या नावावर असलं तरी. सहा महिन्यांतून एकदा चक्कर मारली की गळका नळ वेळेत कळतो, पुढचा फुगलेला प्लाय वाचतो.

भाडेकरूने न विचारता एसी बसवला, फळ्या ठोकल्या. तो जाताना काढून नेऊ शकतो?

स्वतःच्या पैशाने लावलेलं काढून नेऊ शकतो, पण घर पूर्ववत करून. भोकं बुजवायची, कापलेली खिडकीची काच परत बसवायची. ‘एसी तुम्हाला ठेवतो, भोकाचे पैसे सोडा’ असा सौदा बऱ्याचदा होतो. मशीन चालू असेल तर वाईट नाही.

जुन्या, संरक्षित भाडेकरूचं गणित निराळं. लेखी परवानगीशिवाय कायमस्वरूपी बांधकाम केलं किंवा जागेचं कायमचं नुकसान होईल असं काही केलं, तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १६ खाली ताबा मागता येतो. पण लाकडी पार्टिशन, उभा ओटा, फॉल्स सीलिंग, एसी, धुराडं या गोष्टी कायमस्वरूपी बांधकामात धरत नाहीत. पागडीच्या जागेत ‘ओटा बांधला, आता काढतोच’ म्हणणारे मालक इथे आपटतात.

खालच्यांच्या छताला गळती लागली. पैसे कोण देणार?

खालच्यांच्या आणि सोसायटीच्या दृष्टीने तुम्ही. सभासद तुम्ही आहात, त्यांचा तुमच्या भाडेकरूशी संबंध नाही. आधी दुरुस्ती करून द्या. मग कारण बघा. जुना पाइप गंजला असेल तर खर्च तुमचाच. भाडेकरूने बाल्कनीत वॉशिंग मशीन लावून पाणी जमिनीवर सोडलं असेल तर त्याच्याकडून घ्या. प्लंबरकडून कारण लेखी घ्या, तोंडी नाही. प्लंबर पुढच्या महिन्यात दुसरंच सांगतो.

पावसाळ्यात भिंतीला ओल येऊन पोपडे सुटले, बुरशी आली. हे भाडेकरूचं?

बहुतेक वेळा नाही. बाहेरच्या भिंतीची तड, गच्चीचं वॉटरप्रूफिंग ही घराची दुखणी. भाडेकरूने वेळेवर कळवलं नाही आणि कपाट कुजलं, तर कळवलं नाही त्यामुळे वाढलेल्या नुकसानीपुरतं बोलता येईल. ‘खिडक्या बंद ठेवता म्हणून बुरशी येते’ हा युक्तिवाद मी ऐकलाय, केलाही आहे. टिकत नाही.

नुकसान डिपॉझिटपेक्षा जास्त आहे आणि माणूस फोन उचलत नाही.

आधी हिशेब, फोटो आणि बिलांच्या प्रती जोडून लेखी मागणी करा: ई-मेलने, आणि त्याच्या कायमच्या पत्त्यावर पोस्टाने, पोहोच ठेवून. त्यासाठी करारात कायमचा पत्ता हवा. गावाकडचा, ‘सध्या राहतात तो’ नव्हे. उत्तर नाही आलं तर वकिलाची नोटीस. बऱ्याच लोकांचा फोन त्यानंतर अचानक लागतो.

तरीही नाही, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात किंवा तालुका विधी सेवा समितीत दावापूर्व अर्ज करा. प्रकरण लोकअदालतीत ठेवतात. त्याला कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, त्यावर अपील नाही. एकच अट, दुसरी बाजू यायला आणि मानायला हवी.

शेवटचा मार्ग दावा. करारभंगाच्या भरपाईला साधारण तीन वर्षांची मुदत असते. कुठल्या न्यायालयात, ते गावावर आणि दाव्याच्या स्वरूपावर ठरतं. वकिलाकडून पक्कं करून घ्या. पंधरा-वीस हजारांसाठी मी दावा लावणार नाही. त्यात जाणाऱ्या खेपांचं भाडं कुणी देत नाही.

पोलिसांत तक्रार करू का?

मोडतोड हा बहुतांशी दिवाणी मामला, ठाण्यात तेच ऐकवतील. जाणूनबुजून नासधूस केली असेल, म्हणजे जाताना रागाने कमोड फोडला वगैरे, तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३२४ आहे. तुमचा गिझर किंवा पंखे काढूनच नेले असतील तर तक्रार जरूर करा. सामानाची यादी तिथे उपयोगी पडते.

पैसे देईपर्यंत त्याचं सामान अडवून ठेवलं तर? वीज तोडली तर?

नको. तुम्ही तक्रारदाराचे आरोपी व्हाल. वॉचमनला टेम्पो अडवायला सांगणं हेही त्यातच आलं.

मुदत संपली, घर सोडत नाही, आणि आत मोडतोड चालू आहे.

लीव्ह अँड लायसन्स असेल तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे ताब्यासाठी अर्ज करा. मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मिळते. ती घर अडवल्याची, मोडतोडीची नव्हे. मोडतोडीचा हिशेब ताबा मिळाल्यावर, पंचांसमक्ष फोटो काढून, वेगळा.

मी परदेशात आहे. हे सगळं कोण करणार?

मुखत्यारपत्र देऊन इथलं कुणीतरी. पण नुसतं ‘काका बघतील’ पुरत नाही. काकांना डिपॉझिट कापण्याचा, हिशेबावर सही करण्याचा, दावा लावण्याचा अधिकार त्या कागदात शब्दांत असायला हवा. आणि काकांना व्हिडिओ काढता येतो का, तेही बघा.

दुरुस्तीचा खर्च प्राप्तिकरात वजा होतो का?

घरभाड्याच्या उत्पन्नातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, तीत दुरुस्ती आली. वेगळी मिळत नाही.

मी भाडेकरू आहे. मालक उगाच डिपॉझिट कापतात.

मग वरचं सगळं उलट बाजूने वाचा. वस्तुवार हिशेब आणि बिलांच्या प्रती लेखी मागा. घसारा धरलाय का विचारा. ‘पेंटिंग आणि क्लीनिंग, एकूण ३०,०००’ हा हिशेब नव्हे. शक्य असेल तर किल्ली देण्याआधी मालकासोबत घर बघा आणि तिथल्या तिथे लिहून घ्या; किल्ली दिली त्याची पोहोच घ्या, नाहीतर ‘ताबा दिलाच नाही’ म्हणून पुढच्या महिन्याचंही भाडं लागतं. लोकअदालतीचं दार तुम्हालाही उघडं आहे. आणि राहायला गेल्या दिवशी आईला घराचा व्हिडिओ पाठवा, ओट्याच्या कडेसकट.